शुक्रवारचं वजन

१३ जानेवारी १९८७, मंगळवार

डेल पुन्हा तिसऱ्या फेरीत हरला! दोन फेऱ्यांनंतर सहा-एकनं पुढे होता. मग पाय मातीचे झाल्यासारखे. समोरच्यानं पट काढला आणि दहा सेकंदांत चितपट. टेबलाशी बसून मी गुण लिहीत होते, पेन्सिलीचं टोक मोडलं.

गेरिट गाडीत म्हणाला, "पोराच्यात जिद्द नाही."

जिद्द नाही? तीन दिवस पाण्याच्या घोटावर काढलेत त्यानं. एकशे चौतीस पौंडांचा पोरगा एकशे एकोणीसच्या गटात खेळतोय. मला माहीत आहे, रोजची वजनं मीच लिहिते. पण शाळेच्या संघाचा कोच असलेला नवरा हरून आल्यावर त्याच्याशी वाद घालू नये, एवढं सतरा वर्षांच्या संसारात शिकलेय.

१५ जानेवारी, गुरुवार

डेल माझ्या गणिताच्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपला. ओठ फुटलेले. हलवलं तर म्हणाला, "बाई, ऐकतोय मी." फळ्यावर तेव्हा काहीच नव्हतं.

१८ जानेवारी, रविवार

चर्चहून आल्यावर सहा हंगामांची रजिस्टरं जेवणाच्या टेबलावर मांडली. चौदाशे बारा कुस्त्या. प्रत्येक पोराचं हंगामाच्या सुरुवातीचं वजन एका बाजूला, खेळला तो गट दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक फेरीचे गुण.

वाटाण्याचं सूप करपलं. गेरिट ओरडला. मला वासही आला नव्हता.

आकडे असे — दुसऱ्या फेरीअखेर पुढे असलेली, वजन फारसं न उतरवलेली पोरं शंभरांत नऊ वेळा हरतात. दहा पौंडांहून जास्त उतरवलेली — शंभरांत चौतीस वेळा! तीनदा मोजलं. चौतीसच.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. दोन वर्षांपूर्वी मीच गेरिटला सांगितलं होतं की वजन उतरवणारी पोरं जास्त कुस्त्या जिंकतात. शंभरांत एकसष्ट. तो ते पालकांच्या सभेत सांगतो, रेडिओवर सांगतो. आज लक्षात आलं — उतरवणारी पोरं म्हणजे शेवटच्या वर्षातली, सगळ्यात तयार पोरं. ती कुठल्याही गटात जिंकली असती. उलट, न उतरवता अजून जिंकली असती! आकडा खरा होता, अर्थ मी चुकीचा लावला. गणिताची शिक्षिका मी!

२० जानेवारी, मंगळवार

सांगितलं. जेवण झाल्यावर, कागद पुढे ठेवून.

तो वाचत गेला. मान लाल होत गेली. "लिओना, तू कधी मॅटवर उतरलीस?"

"नाही."

"मग? कागदाला दम लागत नाही. मी याच वयात अठरा पौंड उतरवून राज्याच्या फायनलला गेलो."

"आणि फायनल?"

तो उठून गोठ्याकडे गेला. आमच्याकडे आता गुरं नाहीत, तरी तिकडेच जातो.

फायनल तो तिसऱ्या फेरीत हरला होता. ते बोलायला नको होतं. पण खरं आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार

डेलच्या आईकडे गेले. अर्लीन दवाखान्यात नर्स आहे, हे त्यातल्या त्यात बरं. तिनं कागद बघितलाही नाही. म्हणाली, "तो थुंकून थुंकून वजन उतरवायला डबा घेऊन झोपतो. मी विचारलं तर म्हणतो, कोचना सांगू नकोस. तुम्ही कोचच्या बायको ना? मग तुम्ही इथं का आलात, तिथं का नाही?"

तिथूनच आले, असं म्हटलं नाही.

२६ जानेवारी, सोमवार

अर्लीननं डॉक्टरची चिठ्ठी पाठवली — एकशे सव्वीसच्या खाली उतरायचं नाही. गेरिटनं चिठ्ठी खिशात घातली. मग घरी आल्यावर, बूट काढता काढता म्हणाला, "डेलला वरच्या गटात घेतो. आणि यापुढे शुक्रवारी तीन पौंडांहून जास्त वजन उतरवायचं बाकी असेल, तर तो पोरगा शनिवारी बसमध्ये नाही. झालं समाधान?"

मी त्याचा खांदा धरला. त्यानं झटकला नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

जिंकला! डेल एकशे सव्वीसला पहिल्यांदा उतरला, आणि तिसऱ्या फेरीत — तिसऱ्या! — पाच गुण घेतले. समोरचा धापा टाकत होता, डेल नव्हे. अर्लीन बाकावर उभी राहून किंचाळत होती. गेरिटनं माझ्याकडे बघून फक्त भुवई उडवली. सतरा वर्षांत एवढी मोठी कबुली मिळाली नव्हती.

एकशे एकोणीसला मात्र कुणी नव्हतं, संघाचे सहा गुण फुकट गेले. सव्वीसला आधी केंट खेळायचा. गेरिटनं दोघांची लढत लावली, डेलनं त्याला हरवलं. केंट आज बाकावर टॉवेल घेऊन बसला होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

केंट म्हणे एकोणीसला उतरणार. शनिवारी जिल्ह्याची स्पर्धा. आज काट्यावर एकशे एकतीस. पाच दिवसांत बारा पौंड!

गेरिटला म्हटलं. तो म्हणाला, "मी सांगितलं नाही त्याला. त्याचं तो म्हणतोय. शुक्रवारचा नियम आहेच की. नाही जमलं तर राहील घरी." त्यात खोट काढता आली नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

एकशे सत्तावीस. घाम निघावा म्हणून रबरी सूट घालून जिन्यावर धावतो. केंट बोलका पोरगा, मला रोज काहीतरी चिडवायचा — "बाई, माझ्या घामाचीपण सरासरी काढा." आज काट्यावरून उतरून थेट जिन्याकडे गेला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

हे लिहू की नको? इथं नाही तर कुठं लिहिणार!

चारला वजनं घेतली. गेरिट बसची व्यवस्था बघायला ऑफिसात गेला होता. केंट शेवटचा आला. कातडी कागदासारखी, डोळे आत. काटा एकशे पंचवीसवर थांबला. नियमानं तो बाद. मला हायसं वाटलं, खरंच वाटलं.

तो काट्यावरून उतरेना. "बाई, एकशे बावीस लिहा."

"केंट, नाही."

"सकाळपर्यंत उतरवतो. शपथ."

"अरे, हा नियम तुझ्यासाठीच आहे."

तेव्हा तो म्हणाला, आवाज न चढवता — "डेलसाठी तुम्ही त्याच्या घरी गेलात. तो वर आला म्हणून मी खाली गेलो. माझ्या घरी कोण आलं?"

चार वर्षं हा पोरगा या स्पर्धेसाठी राबला. आणि त्याची जागा मी हलवली. मीच.

लिहिलं. एकशे बावीस.

गेरिट आला, रकाना वाचला, केंटच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास!"

१४ फेब्रुवारी, शनिवार

केंट काट्यापर्यंत पोचलाच नाही. सकाळी सातला, यजमान शाळेच्या कपडे बदलायच्या खोलीत. रबरी सूट अंगातच. पाय वळले, मग सगळं अंग. पोरांचा ओरडा ऐकून गेरिट धावला, मी मागून. अर्लीन गॅलरीतून खाली आली आणि अँब्युलन्स येईपर्यंत तिनंच त्याला सांभाळलं. मी फक्त त्याचे मोजे काढले. पाय थंडगार होते.

गेरिट त्याच्याबरोबर गेला. संघ मी परत आणला.

१५ फेब्रुवारी, रविवार

मूत्रपिंडं बंद पडलीत. यंत्रावर आहे. केंटचे वडील दवाखान्यात त्याच्या दाराशी उभे होते, डुकरांच्या वाड्यातले बूट तसेच पायात. मला म्हणाले, "तुम्ही तर या सगळ्याच्या विरोधात होता ना? डेलची आई सांगत होती. तुमचं ऐकायला हवं होतं."

त्यांनी माझा हात हातात घेतला! मी घेऊ दिला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गेरिट तिथंच. जेवण पाठवलं, परत आलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लघवी झाली! अर्लीनचा फोन आला, ती रडत होती, मीही. वाचणार. कुस्ती मात्र पुन्हा कधीच नाही, असं डॉक्टर म्हणाले. केंटनं गेरिटला एकट्याला आत बोलावलं होतं. बाहेर आल्यावर गेरिट माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. म्हटलं, काय म्हणाला? "पाणी मागितलं," म्हणाला.

मंगळवारी शाळेची समिती बसणार. रजिस्टर मागवलंय. त्याआधी गेरिटला सांगायचं. उद्या सांगेन.

२२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

अध्यक्षांनी शुक्रवारच्या रकान्यावर बोट ठेवलं. केंटनं डॉक्टरांना खरा आकडा सांगितला होता. "हे एकशे बावीस कुणी लिहायला लावलं?"

मी तोंड उघडलं. त्याआधी गेरिट म्हणाला, "मी. तिला काट्याजवळ येऊ दिलं नव्हतं."

म्हणजे केंटनं त्या दिवशी पाणी मागितलं नव्हतं, खरं काय ते सांगितलं होतं.

वीस वर्षांचं काम पाच मिनिटांत संपलं. गेरिट टोपी घेऊन उठला, माझ्याकडे न बघता बाहेर गेला. पुढच्या हंगामाला संघ कुणी सांभाळायचा, असं विचारलं, तेव्हा पालकांतर्फे आलेल्या अर्लीननं माझं नाव सुचवलं. सगळ्यांनी हात वर केले.

मी हो म्हणाले.