फक्त नाचणी

सर्वपित्री अमावस्या, संध्याकाळ

माझ्या मनूला गव्हाचा कणही सोसत नाही, डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून वारूळवाडीच्या गिरणीतून नाचणीच्या पिठाची पाकिटं आणते. वर ठळक छापलंय, ‘फक्त नाचणी’. तरी पोर परवापासून पोट धरून लोळतेय. आज तडक जाऊन गिरणीवाल्या भाऊंना विचारलं.

“वहिनी, नाचणीच हाय. चक्कीत आधीचं गव्हाचं पीठ ऱ्हातं, त्ये थोडं येतंच. त्यानं काय व्हतंय?”

काय व्हतंय! गहू असेल तर पाकिटावर लिहावाच लागतो, कायदा आहे, म्हटलं. तर म्हणे, “लिवलं तर घेनार कोन?”

आणि हे बोलताना भाऊ करत काय होते? उद्या घट बसणार, म्हणून उपासाची भगर दळायच्या आधी चक्की उघडून कुंच्यानं झाडत होते. फडक्यानं पुसत होते. का? तर उपासाला गव्हाचा कण चालत नाही! म्हणजे चक्की साफ करता येते. देवीसाठी येते. माझ्या पोरीसाठी येत नाही. फक्त नाचणी म्हणे!

पर्समध्ये मनूचं स्केचपेन होतं. फळीवरचं एकेक पाकीट ओढलं आणि ‘फक्त नाचणी’च्या खाली लिहीतच सुटले, ‘यात गहू आहे’. भाऊ ओरडले, “वहिनी, आता ही कोन घील?”

“ज्याला गहू चालतो, तो.”