बेल वाजवल्यास उत्तर मिळेल

मंगळवार, बिबवेवाडी

दारावरची पाटी मीच लिहिली होती: ‘रात्रपाळीचा माणूस झोपला आहे. बेल वाजवल्यास उत्तर मिळेल.’ आज दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकांनी बेल वाजवली. पाटी झकास आहे, फोटो काढू का, एवढंच विचारायला. ह्यांनी झोपेतून उठून त्यांची मान धरली आणि डोकं दारावर आपटलं. दोनदा. पाटीवर रक्त उडालं.

ह्यांचे डॉक्टर मागेच सांगत होते, तुकड्यातुकड्यांनी झोपणाऱ्याला झोपलेला धरू नका, त्याच्या मेंदूला ब्रेक उरत नाही. मी ऐकून सोडून दिलं.

काका टाके घालून आले. म्हणाले, “वहिनी, पाटीत लिहिलंच होतं की.”

हे आता गाढ झोपलेत. रात्रपाळीला न्यायला कंपनीची गाडी येईल. पाटी पुसून झाली. नुसतं ‘अहो’ म्हणून उठवायचंय. मी दार उघडं ठेवून उंबऱ्याबाहेर उभी राहून हे लिहितेय.