काचेबद्दल मी दिलेलं उत्तर

प्रिय बडबडे,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट तसंच ठेवून देशील, असं वाटलं होतं. फोडलंस, यातच सगळं आलं. आधी घरची बातमी. हे गेले. दोन महिने झाले. कूस बदलायलाही माणूस लागायचं, पण जाताना मात्र कुणाला हाक मारली नाही. घर इतकं मोकळं झालंय की मी मुद्दाम भांडी आपटते.

लेक म्हणते, नोकरी सोड, माझ्याकडे ये. पण वाचनालयाची ती दर्शनी काच पुसल्याशिवाय मला चैन पडत नाही. तीन मजले काच! तू म्हणायचीस, ती जितकी लख्ख तितकी पाखरांच्या जिवावर उठते. त्यांना तीत झाडं दिसतात, आभाळ दिसतं. सगळा गुन्हा माझ्या फडक्याचा, म्हणून हसायचीस.

जुने साहेब निवृत्त झाले. नव्या ग्रंथपाल बाई गेल्या महिन्यात सकाळी दारात चहा घेत उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत एक खंड्या काचेवर आदळला आणि पायाशी पडला. बाईंनी कप खाली ठेवला आणि मला विचारलं, "हे नेहमीचं आहे का?"

मला वाचनालयाच्या समितीची ती बैठक आठवली. तू शाळेतून थेट आलेली, बोटांना खडू. काचेवर जवळजवळ ठिपके लावले की पाखरं वळतात, हे किती समजुतीनं सांगत होतीस. तुझ्याकडे मेलेल्या पाखरांचे फोटो मात्र चारच. साहेब म्हणाले, वाद कशाला, रोज झाडणारी बाई इथेच आहे, तिला विचारा. तुझा चेहरा खुलला. शाळेपासून एका बाकावरच्या आपण! मी उभी राहिले आणि म्हणाले, "महिन्या-दोन महिन्यांत एखादं. तेही मांजरानं आणलेलं असतं."

लोक हसले. मास्तरीणबाईंनी राईचा पर्वत केला, असं कुणीतरी म्हणालं. आयुष्यात पहिल्यांदा तुझं तोंड बंद झालेलं मी पाहिलं. कागद गोळा केलेस. एक खाली पडला, तो मी उचलून दिला. तू माझ्याकडे न बघता घेतलास. वर्ष संपताच बदली मागून गेलीस.

फोटो चारच होते, कारण बाकीची पाखरं मी उचलत होते. दार उघडायच्या आत सुपलीत भरायची, पिशवीत घालायची, मागच्या कचऱ्यात टाकायची. साहेबांनी तसं बजावलं होतं. कधी एखादं अजून ऊबदार असायचं. मग ते गार होईपर्यंत हातात धरून बसायचे. हे अंथरुणाला खिळलेले, नोकरी गेली असती तर काय, ही सबब खरी आहे. पण सबबच ती. यांनाही मी हे कधी सांगितलं नाही.

बाईंना मात्र सगळं सांगितलं. विषय पुन्हा समितीपुढे आलाय. मी लेखी जबाब दिलाय. मागच्या वेळी खोटं बोलले आणि तू खरी होतीस, असं त्यात लिहिलंय. सोमवारी तो सगळ्यांसमोर वाचतील. परक्याच्या तोंडून तुझ्या कानावर जायच्या आत माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. ठिपके आता लागतीलही. पण मधल्या तीन वर्षांतली पाखरं आणि तुझी ती शाळा मला परत देता येणार नाही. उत्तर आलं नाही तरी मी समजेन.

अजून म्हणू दिलंस तर, तुझीच,
बाकावरची शेजारीण