सहावी नळी

३ फेब्रुवारी, सोमवार

रक्त द्यायचं ठरलं! आमच्या बिल्डिंगमधल्या सुरुचीताई मिरा रोडच्या एका लॅबमध्ये पीएचडी करतायत, त्यांच्यासाठी. रोज सकाळी लसणाच्या अर्काची एक कॅप्सूल, अशा चौदा. जेवणात मात्र लसूण बंद. मग आम्हा सहा जणांचं रक्त काढून त्यातल्या तांबड्या पेशींवर आर्सेनिक घालणार. पेशी फुटल्या तर नळीतलं वरचं पाणी लाल होतं. नाही फुटल्या तर कॅप्सूलने वाचवलं.

आर्सेनिक म्हटल्यावर मी त्यांना बंगालचं सांगितलं. मंडपवाल्यांबरोबर गेलो होतो तेव्हाचं – गावातल्या हातपंपाला लाल रंग फासलेला, म्हणजे पाणी विषारी. तरी बायका तिथेच भरत होत्या. आमचा आचारी तिथलाच, ते पाणी पिऊन त्याच्या तळहातांवर तांदळाएवढे टणक ठिपके. ताई म्हणाल्या, "अरे, त्यांच्यासाठीच तर चाललंय हे."

बारावी नापास माणसाचं रक्त कामाला येतंय!

६ फेब्रुवारी

चौथी घेतली. दिवसभर ढेकर लसणाचे.

७ फेब्रुवारी

तारोडीला आलोय. शेवंतीआत्याच्या होडीला रंग द्यायचाय, दोन दिवसांचं काम. कॅप्सूल घरीच राहिल्या. दोन दिवसांनी काय होतंय!

१२ फेब्रुवारी

अजून इथेच. होडी अर्धीच झाली – मधेच पालीला क्रिकेटच्या मॅचेस लागल्या, तिकडे गेलो. आत्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मला लसूण चालत नाही. "आरं देवा! कंचा साधू झालास तू?" भाकरीवर सुकटीची चटणी थापली, त्यात निम्मा लसूणच. "खा गप. घरात दुसरा काय बी न्हाय." पाच दिवस खातोय. आता सोडून काय उपयोग?

१७ फेब्रुवारी

काल परत आलो, आज रक्त दिलं. ताईंनी विचारलं, "सगळ्या घेतल्यास ना? जेवणात लसूण नव्हता ना?" पहिल्याला हो म्हणालो, दुसऱ्याला नाही. दोन्ही खोटं.

२० फेब्रुवारी

ताईंनी मुद्दाम बोलावून नळ्या दाखवल्या. पाच जणांचं वरचं पाणी लाल – कुणाचं कोकम सरबतासारखं, कुणाचं त्याहून गडद. सहावी नळी माझी. जवळपास स्वच्छ!

"साहिल, बघ काय टिकल्यात तुझ्या पेशी! तुझ्यामुळे सरासरी वर आली. सर आज पहिल्यांदा हसले."

अठ्ठावीसला एका संस्थेची माणसं येणार आहेत. त्यांना पटलं तर ह्या कॅप्सूल बंगाल-बिहारच्या गावांत वाटणार.

मी तर चारच घेतलेल्या. टिकवलं असेल तर आत्याच्या चटणीने. नाहीतर माझं रक्तच तसलं. ज्यांनी चौदाच्या चौदा इमानदारीत घेतल्या, त्यांच्याच पेशी फुटल्या!

२२ फेब्रुवारी

जिन्यात ताई भेटल्या. सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी त्यात पेढा घातला.

२४ फेब्रुवारी

सकाळी लॅबला जायला निघालो आणि मुर्ध्याला पोचलो. खाडीवर फ्लेमिंगो आलेत. सदतीस मोजले. लॅब राहिली.

२५ फेब्रुवारी

तो आचारी डोक्यातून जात नाही. समजा त्याला ही कॅप्सूल मिळाली. घेतली. आणि आता काही होत नाही म्हणून बिनधास्त त्याच पंपाचं पाणी पीत राहिला, तर? पोरांनाही पाजलं, तर?

आणि मी सांगितलं तर ताईंची पीएचडीची चार वर्षं जातील, ती?

२७ फेब्रुवारी

गेलो. सगळं सांगितलं – चारच घेतल्या, तारोडी, चटणी, खोटं बोललो. माझी नळी काढून टाका म्हटलं.

ताई उठल्या, दार लावून घेतलं.

"साहिल, हे तू मला सांगितलेलं नाहीस. कळलं?"

सांगितलंय. आज, सकाळी सव्वादहाला.