सतरंजी कुणी भिजवली

प्रिय पिंकी,

डब्याच्या पिशवीत, भरल्या वांग्यांच्या खाली हे पत्र ठेवते आहे. मानक नगरहून अलीगंज काही परदेश नाही, एकाच शहरात आहोत, पण फोन तू स्पीकरवर ठेवतेस आणि तुझ्या सासूबाईंचे कान तिखट आहेत. शिवाय मी मराठीत बोलले की तू हिंदीत उत्तर देऊन विषय गुंडाळतेस. एकटी असताना वाच. वाचताना किळस आली तर येऊ दे, मला ती अकरा वर्षं आली आहे.

मला लघवी धरून ठेवता येत नव्हती. झालं, लिहिलं एकदाचं. खोकले, शिंकले, बादली उचलली की थोडी गळायची. तू विचारायचीस, मम्मी, दिन में तीन बार क्यों नहाती हो. सोफ्यावर रेक्झिन चढवलं ते धुळीसाठी नव्हे. घड्या करून लावलेली फडकी मी बाल्कनीत टॉवेलखाली वाळत घालायचे, कुणाला दिसू नयेत म्हणून. उन्हाशिवाय ती नीट वाळायची नाहीत, कुबट वास यायचा, आणि तोच वास मला गादीला, अंगाला, अगदी मळलेल्या कणकेलाही यायचा. माझी मलाच शिसारी. भर जूनमध्ये मी दिवसाला दोन पेले पाणी प्यायचे, तर लघवी जळजळायला लागली आणि घाई वाढली. एवढी अक्कल पाजळली मी. तुझे पप्पा, मी स्कूटरवरून उतरले की मुकाट्यानं सीट पुसायचे. त्या पुसण्याचा मला अजून राग आहे.

आता सांगते ते पप्पांनाही ठाऊक नाही. सहा वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला आलमबागच्या विहारात आम्ही सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून वंदनेला बसलो होतो. तिसऱ्यांदा वाकून नमस्कार करताना मला खोकला आला. साडी मागून भिजली, खालची सतरंजीही. पायाला मुंग्या आल्यात असं सांगून मी बसूनच राहिले, मग हळूच बाजूला सरकले. मालिनीबाईंनी सतरंजीला हात लावला, बोटं हुंगली, आणि तिथं खेळणाऱ्या मधुकररावांच्या नातीला सगळ्यांसमोर झापलं. पोरीच्या आईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. चार वर्षांची पोर, कोरडी चड्डी दाखवत रडत होती. आणि मी, खोटं न बोलण्याचं शील दहा मिनिटांपूर्वी मोठ्यानं म्हटलेली बाई, गप्प बसले. लघवी धुतली की जाते, हे जात नाही. त्यानंतर मी विहारात पाऊल ठेवलं नाही. तुम्हाला वाटलं, मम्मीची श्रद्धा उडाली. पप्पा किती बोलले ते तुला आठवत असेल.

डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी मान वर न करता, उम्र है माताजी, म्हणून डायपर लिहून दिले. शेवटी पप्पांच्या गुडघ्यासाठी मृणाल घरी यायला लागली, फौजी घरातली, साताऱ्याकडची फिजिओथेरपिस्ट. खोकताना मी पाय आवळले ते तिनं पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन मराठीत सरळ विचारलं. मी ढसाढसा रडले. ओटीपोटाच्या तळाशी म्हणे स्नायूंची झोळी असते, ती मूत्राशय तोलून धरते आणि वाट आवळून ठेवते. बाळंतपणात ती ताणते, सैल पडते. मी म्हटलं, शेजारणीनं सांगितलेला व्यायाम मी करते की वर्षभर. तिनं तपासलं, तर मी उलटंच करत होते, संडासला बसल्यासारखा खाली जोर लावत होते, म्हणजे सैल झोळीवर आणखी भार. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण आवळून वर ओढतो ना, तसं करायचं होतं. श्वास न कोंडता पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं आणि सावकाश सोडायचं. चार महिने लागले. आता ओट्यापाशी कुकरची शिट्टी होईतो मी ते करते आणि कुणाला पत्ता लागत नाही. पुरतं बरं झालेलं नाही, पण फडकी सुटली.

परवा तू फोनवर म्हणालीस, पौर्णिमेला येईन, पर मम्मी, सफेद नहीं, हरी वाली पहन लूँगी. मी बरं म्हटलं आणि मग लक्षात आलं, पांढऱ्यावर ओल दिसते. बाळाच्या नामकरणाला आले होते तेव्हा तुझ्या बाल्कनीत टॉवेलखाली घडीचं फडकं पाहिलं होतं. बाळाचं असेल म्हणून मीच स्वतःला फसवलं. मंगळवारी अकराला मृणाल येते, तूही ये. आधी तिला तपासू दे, माझं वाचून मनानं काही सुरू करू नकोस. आणि पौर्णिमेला पांढरीच नेस. मीही नेसणार आहे. मधुकररावांची नात आता दहा वर्षांची झाली, तिला आणि तिच्या आईला मी आधी सगळं सांगणार आहे. मग आपण दोघी शेजारी बसू. सतरंजी भिजलीच, तर मालिनीबाईंना हुंगावं लागणार नाही, कुणी भिजवली ते मी सांगेन.

तुझीच,
मम्मी