शीबानी जेवत नाही

सूस, ३ मार्च

ती. लज़हरदादास,
धाकट्या सल्हाचा सा. सलाम, वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्यावर तू भांडतोस, म्हणून पत्र. इथल्या प्राणीमित्र संस्थेनं एक म्हातारा स्लुगी कुत्रा सांभाळायला माझ्याकडे ठेवलाय. मालक त्याला गॅरेजमागे साखळीनं बांधून गाव सोडून गेला. वय बारा, बरगड्या मोजून घ्याव्यात. मी त्याला शीबानी म्हणते, नावाप्रमाणे आहेच म्हातारबा.

मानेची जखम भरत आली, हातही लावू देतो. पण जेवत नाही रे. ताटली ठेवून मी बिस्मिल्ला म्हटलं, की तडक उठून बंद दाराशी जातो आणि थरथरत उभा राहतो. ताटली तिकडे नेऊन पुन्हा म्हटलं, तर दार खरवडतो. जेवताना मारत असतील का त्याला? डॉक्टर म्हणाले, आठवडाभर वाट पाहू, नाहीतर इंजेक्शन देऊन सोडवू बिचाऱ्याला. नर्स म्हणून तीस वर्षं काढली, तरी मला ते ऐकवलं नाही. हसायचं तर हस, पण उपाय सांग.

तुझी माया कमी न व्हावी,
सल्हा

दूझ, ६ मार्च

चि. सल्हास अ. आ.

हसलो. वाळवंटात जन्मलीस, शहरात गेलीस आणि सगळं धुऊन टाकलंस. सशामागे स्लुगी सोडताना बाबा काय म्हणायचे? बिस्मिल्ला. त्याशिवाय त्यानं धरलेला ससा आपल्याला हलाल नाही. तो घाबरत नाही गं, कामाला निघतो. आणि शिकारीच्या दिवशी स्लुगीला जेवण शिकारीनंतरच. तू रोज त्याला शिकारीला सोडतेस आणि दार लावून बसतेस.

मनातल्या मनात म्हण. अल्लाचे कान माझ्यासारखे नाहीत. कोमट दुधात खजूर कुस्करून हातानं भरव. आणि तरला, तर इकडे पाठव. माझं अंगण सात वर्षं रिकामं आहे.

तुझा खाष्ट पण तुझाच,
लज़हर

सूस, १५ मार्च

ती. दादास सा. सलाम.

जेवला. मी ओठ मिटून होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि माझी बोटंसुद्धा चाटून पुसून घेतली. मी तिथंच फतकल मारून रडले. दीड किलो वजन वाढलंय; इंजेक्शनचं आता कोणी नाव काढत नाही.

काल मात्र शेजारची खदूजा कॉफीला आली आणि कप उचलताना मोठ्यानं बिस्मिल्ला म्हणाली. दार सताड उघडं. शीबानी निघाला. धावला म्हणवत नाही, लंगडत दुडकत समुद्राकडच्या मैदानात गेला. मी उंबऱ्यापर्यंत गेले, पण हाक मारवेना. थोड्या वेळानं तो तोंडात एक फाटकी चप्पल धरून आला, ती माझ्या पायाशी ठेवली आणि ताटलीसमोर जाऊन ऐटीत बसला. मी त्याला दुप्पट वाढलं.

तुझं अंगण रिकामं आहे हे वाचून वाईट वाटलं. पण दादा, मी त्याला पाठवणार नाही. तो आता माझाच, असं संस्थेला सकाळीच कळवलं. तूच इकडे राहायला ये. ससे नाहीत, चपला पुष्कळ आहेत.

आम्हा दोघांवर लोभ ठेव,
सल्हा