पाणबुडीत बेकरीवाला कधी येणार?

प्रिय भांडकुदळ मुली,

पत्र पाहून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, तू शिकवलेल्या व्यायामांमुळे माझे गुडघे ठणठणीत आहेत आणि घरही जागच्या जागी आहे. जाताना दारात तू म्हणालीस, की आता आपण भेटायला नको, फोनही नको, सगळ्यांनाच त्रास होईल. मी मान डोलावली आणि चार महिने निमूटपणे तुझं ऐकलं. पण पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस, आणि मीही मुद्दामच विचारलं नव्हतं. शिवाय गेल्या आठवड्यात मी दोन सिनेमे पाहिलेत आणि ते आता माझ्या पोटात मावत नाहीत. तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं? घरातला माणूस तुला माहीतच आहे. सिनेमाचं नाव काढलं की तुझा नवरा, म्हणजे माझा मुलगा (आता असंच म्हणायचं ना?), उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जातो. कुंड्या सडायला आल्यात.

तर ऐक. त्या बेकरीवाल्याच्या सिनेमाची झलक आपण मागे एकदा मध्यंतरात पाहिली होती आणि तू माझा हात दाबून म्हणाली होतीस की हा पहिल्याच दिवशी पाहायचा. लागला एकदाचा. पहिला दिवस हुकला, कारण एकटीनं जायचं की नाही हे ठरवण्यातच माझे चार दिवस गेले. शेवटी मंगळवारी दुपारी शाल घेतली आणि निघाले. आता त्या थिएटरात पाच पडदे आहेत, आणि आपला पडदा कुठला हे बघायचं काम कायम तुझं. मी आपली पॉपकॉर्नचा डबा सांभाळत तुझ्या मागून यायची. इतक्या वर्षांत तिकिटावर पडद्याचा नंबर असतो हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. एक दार उघडं दिसलं, आत अंधार होता, मी आत शिरले आणि कडेच्या खुर्चीवर बसले.

पडद्यावर पाणबुडी. मी म्हटलं, वा, सुरुवात झकास आहे! बेकरीवाला आधी नौदलात असणार, हे त्याचं पूर्वायुष्य चाललंय. आणि गंमत बघ, पाणबुडीच्या स्वयंपाकघरात एक गोल चेहऱ्याचा आचारी पीठ मळताना दाखवला. झालं! माझी खात्रीच पटली. आता हा जमिनीवर येईल, बेकरी काढेल, लग्न करेल. त्याचं एकेक काम मी कौतुकानं बघायला लागले. पाव भाजताना तो गुणगुणायचा, तेव्हा मला वाटलं, बायकोला हेच आवडलं असणार. आणि मध्यंतराच्या आधी पाइप फुटून पाणी शिरलं आणि आचारी गेला की गं! मी तोंडात बोट घातलं. नायकच मेला, आता बेकरी कोण काढणार? दिवे लागल्यावर शेजारच्या गृहस्थांना मी म्हटलं की दिग्दर्शकाची कमाल आहे, पण बेकरी आता कशी येणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपली बॅग उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली.

बाहेर जाऊन पाटी वाचली तेव्हा कपाळाला हात लावला. बेकरीवाला शेजारच्या पडद्यावर होता. तुला वाटेल, सासूबाई ओशाळून घरी गेल्या असतील. छे! मी परत आत जाऊन बसले. कॅप्टनचं पुढे काय होतं ते न बघता मी घरी कशी जाणार? तू पाहिला नसशील तर जरूर बघ, आणि शेवट कुणाकडूनही ऐकू नकोस. चुका मात्र शंभर आहेत. ते सगळे तीन दिवस गळ्यापर्यंत पाण्यात, आणि कॅप्टनच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर बघावी तर कडक! तीस वर्षं लाँड्री चालवली मी, समुद्राच्या पाण्यानं कॉलरचं काय होतं ते मला नको शिकवू म्हणावं. आणि त्याचा खांदा! उजव्या खांद्यावर एवढा लोखंडी दांडा पडतो, आणि दहाव्या मिनिटाला बाबा त्याच उजव्या हातानं शिडीला लोंबकळतोय. तू असतीस तर तुझ्यातली फिजिओथेरपिस्ट खुर्चीतून उठून त्याला खाली उतरवायला गेली असती. तुझ्या वतीनं मी खुर्चीच्या हाताला कोपर मारलं. जोरात लागलं.

एक प्रसंग मात्र असा आहे की त्यावर मी शंभर कॉलरी ओवाळून टाकीन. वरून शत्रूचं जहाज जातंय आणि खाली सगळ्यांना गप्प राहायचं आहे. खोकायचं नाही, पाऊल टाकायचं नाही, चमचा ठेवायचा नाही. अख्खं थिएटर गप्प झालं. माझ्या तोंडात पॉपकॉर्न होतं, ते मी चावलंच नाही, तसंच धरून बसले. आणि तेव्हा माझ्या मनात आलं, की हे मी कुठेतरी पाहिलंय. मग लक्षात आलं, हे तर आपलं जेवणाचं टेबल. फक्त त्यांच्या डोक्यावर निदान शत्रूचं जहाज तरी होतं.

घरी येताना जिन्यात पाय सवयीनं दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या त्या टप्प्यावर थांबले. खिडकीच्या कट्ट्यावर तुझी पर्स, पायरीवर मी, आणि आपलं भांडण. माझ्या लेकाचं डोकं दुखतं, घरात सिनेमा नको, म्हणून आपण तिथे उभ्या राहायला लागलो आणि मग तीच आपली हक्काची जागा झाली. तो दिवा अजून तसाच आहे, माणूस हलला नाही की विझतो. मी एकटी उभी राहिले तर दोनदा विझला. मग मी ठरवलं, भांडण झालंच पाहिजे. माझी बाजू मांडली, मग दोन पायऱ्या वर चढून तुझी मांडली, तुझ्यासारखे हातवारे करून. पाणी शिरलं तेव्हा आचारी आत असतानाच कॅप्टननं दार बंद केलं ते बरोबर की चूक, हा मुद्दा होता. मी म्हणत होते बरोबर, बाकीचे वाचले ना. तू म्हणालीस, म्हणजे तुझ्या वतीनं मी म्हणाले, की दार बंद करण्याआधी एकदा त्याला हाक तरी मारायची. आवाज ऐकून तिसऱ्या मजल्यावरचे घड्याळवाले आजोबा स्टूल घेऊनच बाहेर आले. इतके दिवस जिना मुका होता, त्यांनाही करमत नव्हतं म्हणे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल तुझ्या बाजूनं दिला. तू हजर नसताना जिंकलीस, हे जरा अतीच झालं.

शुक्रवारी मात्र मी तीन जणांना विचारून खऱ्या पडद्यासमोर बसले. अगं, काय सिनेमा आहे! पहिली वीस मिनिटं मी वैतागले होते, हे आधीच सांगते. बेकरीवाला पहाटे उठतो, पाव भाजतो, कानात पीठ घेऊन घरी येतो. बायको चष्म्याच्या दुकानात काम करते. संध्याकाळी दोघं जेवतात. झालं, एवढंच. तो पीत नाही, ओरडत नाही, हात उगारत नाही, पगार तिच्या हातात ठेवतो. आणि जेवताना एक अक्षर बोलत नाही. ती सुरुवातीला दुकानातल्या गमती सांगते, मग कमी सांगते, मग भाजी पुढे सरकवते. कॅमेरा आपला टेबलापाशी बसून राहतो, पाहुण्यासारखा. मला आधी वाटलं, यांच्याकडे दाखवायला दुसरं काही नाही.

मग मला तो डाग दिसला. टेबलक्लॉथवर, तिच्या ताटाच्या डाव्या बाजूला, चहाचा. पहिल्या जेवणात होता, दुसऱ्यात होता, ऋतू बदलला तरी होता. माझी लाँड्रीवाली जात, मी लगेच चूक काढली, की वर्षभर कापड धुतलंच नाही की काय यांनी. आणि मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. दिग्दर्शक विसरला नव्हता. त्या घरात 'अगं, इथे डाग पडलाय' एवढंसुद्धा कुणी कुणाला म्हणत नव्हतं! मी खुर्चीत ताठ झाले. तुला सांगते, आनंदानं मला ओरडावंसं वाटत होतं. शेजारी तू नाहीस, हे मला त्या मिनिटाला जितकं लागलं तितकं चार महिन्यांत लागलं नव्हतं. कुणाला कोपर मारू?

शेवटाकडे ती एक छोटी बॅग भरते आणि जाते. आदळआपट नाही, रडारड नाही. दार ओढून घेते, एवढंच. माझ्या मागे बसलेली एक बाई नवऱ्याला म्हणाली, "काय कमी होतं हिला?" मला राहवलं नाही. मी मागे वळले आणि अंधारात तोंडावर सांगितलं, "बोलायला माणूस." माझं मत विचारशील, तर तिनं फार उशीर केला. मध्यंतराच्या आधीच जायला हवं होतं. एवढी गुणी पोर, एवढं बोलणारी, हसणारी, आणि अर्धा सिनेमा भाजी सरकवत बसली. हे मी सिनेमाबद्दल म्हणतेय असं समज, किंवा नको समजूस. तू गेलीस तेव्हा मला काहीच बोलता आलं नाही, म्हणून आता बोलते. तुझं चुकलं नाही. तो माझा पोटचा गोळा आहे, माझा जीव आहे त्याच्यावर, तरीही तुझं चुकलं नाही.

त्या दिवशी मी जिन्यात थांबले नाही. थेट घरात गेले, पानं वाढली आणि नियम मोडून सगळा सिनेमा त्याला पहिल्यापासून सांगितला. पीठ, चष्मे, डाग, बॅग, सगळं. हा आता उठेल, झारी घेईल, असं वाटत होतं. उठला नाही. जेवण थांबवून ऐकत राहिला. मग भाताकडे बघत म्हणाला, "तुम्ही जिन्यात भांडायच्यात ना, तेव्हा मी दाराच्या आत उभा राहून ऐकायचो." मी विचारलं, मग बाहेर का नाही आलास? म्हणाला, "काय बोलायचं ते सुचायचं नाही. तुम्हा दोघींना लगेच सुचतं." किती वर्षं, अगं! दोन बोटं जाडीच्या लाकडाच्या अलीकडे तो आणि पलीकडे आपण.

घाबरू नकोस, तुला परत बोलवायला मी हे लिहीत नाहीये. त्यानंही तसं म्हटलेलं नाही. सुचायला लागायला त्याला अजून बराच वेळ लागेल, आणि तेवढा वेळ तू दाराबाहेर उभं राहावंस असं मला वाटत नाही. पण त्यानं आणखी एक गोष्ट विचारली, ती मात्र तुला कळलीच पाहिजे. म्हणाला, आता तुम्ही दोघी कुठे भेटता? मी म्हटलं, भेटतच नाही. तर पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटत होतं, मी शाल घेऊन बाहेर पडले की तुझ्याकडेच जाते. आणि त्याचं त्याला काही वाईट वाटत नव्हतं, उलट बरं वाटत होतं. म्हणजे आपण दोघी ज्याला त्रास होईल म्हणून भेटलो नाही, तो आपण भेटतोय या समजुतीवर खूश होता. सांग, याला काय म्हणायचं!

आता खरं काम सांगते. काल कोर्टाचा कागद घरी आला. त्यानं वाचला, टेबलावर ठेवला आणि गेला कुंड्यांकडे. मी चष्मा लावून बसले. दुपारी फोनवर माझी बहीण म्हणाली, झालं, आता ती तुझी कुणी लागत नाही. मी फोन ठेवला आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, अगदी शिक्क्यापर्यंत. त्यात नवऱ्याचं नाव आहे आणि बायकोचं नाव आहे. माझं नाव कुठेही नाही. म्हणजे काडीमोड त्या दोघांचा झालाय, आपला नाही. आपल्याला कुणी विचारलेलंच नाही, आणि विचारलं असतं तर मी सही केली नसती. मला तू हवी आहेस. रविवारी दुपारी चारच्या खेळाची दोन तिकिटं काढली आहेत. सिनेमा भिकार आहे असं सगळे म्हणतात, ये.

तुझीच,
आई
(हे नाव तू दिलंयस, आता परत मिळणार नाही.)